लहान मुलाची दंतवैद्याशी पहिली भेट: घरची तयारी कशी करावी

मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा नेले जाते, ते बहुतेक वेळा दात दुखू लागल्यावरच. रात्रभर रडून थकलेले, नीट न जेवलेले मूल एका अनोळखी खोलीत येते, त्याला तोंड उघडायला सांगितले जाते आणि नेमक्या दुखऱ्या जागीच कुणीतरी हात लावते. त्या दिवशी डॉक्टर कितीही प्रेमळ असले, तरी त्यांच्या हाती फारसे काही उरलेले नसते. दवाखाना आणि दुखणे यांची मुलाच्या मनात जी गाठ बसते, ती सोडवण्यात पुढच्या कित्येक भेटी खर्ची पडतात. म्हणून या लेखातील सगळ्या सूचना दोन गोष्टींवर उभ्या आहेत. पहिली भेट काहीही दुखत नसताना व्हावी. आणि त्या भेटीत मुलाला जे जे करावे लागणार आहे, त्यातले बहुतेक त्याने आधी घरी, ओळखीच्या हातांखाली, अनेकदा केलेले असावे.

कधी न्यावे

पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाचे दात एकदा दाखवावेत असे बालदंततज्ज्ञ सांगतात. खालच्या हिरडीत पुढचे दोन दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास डोकावू लागतात. काही मुलांना ते लवकर येतात, काहींना बऱ्याच उशिरा. वर्षाच्या मुलाच्या तोंडात मोजून चार-सहा दात असतात. एवढ्यासाठी दवाखान्याची पायरी कशाला चढायची, असे घरच्या मोठ्या माणसांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यातून ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणतेच.

या वाक्याचे उत्तर पालकांजवळ तयार असावे. दुधाचे दात एकूण वीस असतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत ते सगळे येतात. त्यांतले पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ मुलाला आणखी सात-आठ वर्षे वापरायची असते. दुधाच्या दातांवरचे कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्यामुळे कीड आत लवकर उतरते. शिवाय हे दात खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात आणि कायमच्या दाताची वाट अडते.

पहिल्या वर्षीच जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. त्या वयात डॉक्टरांचे खरे काम पालकांशी असते. दात कसे घासायचे, झोपताना दुधाची बाटली का देऊ नये, अंगठा चोखण्याची सवय कधी काळजीची ठरते, हे सारे त्या भेटीत कळते, आणि ते वेळेवर कळले तर पुढची कित्येक दुखणी टळतात. अर्थात मूल तीन-चार वर्षांचे झाले असेल आणि अजून नेले नसेल, तरी उशीर झाला म्हणून संकोचू नये. ठरवले त्याच आठवड्यात वेळ घ्यावी.

वेळ घेण्यापूर्वी फोनवर काय विचारावे

लहान मुलांच्या दातांचे वेगळे तज्ज्ञ असतात. ते जवळपास असतील तर उत्तमच. नसतील तर लहान मुलांना नियमितपणे तपासणारे, घाई न करणारे कोणतेही दंतवैद्य चालतील. फोनवर तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. तपासणीच्या वेळी पालकाला मुलाजवळ थांबता येते का? पहिल्या भेटीत नेमके काय केले जाते? आणि मूल तयार नसेल तर तपासणी पुढे ढकलतात, की त्याच दिवशी उरकून घेतात? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या दवाखान्याचा स्वभाव चांगला कळतो.

वेळ निवडताना आपल्या सोयीपेक्षा मुलाची झोप पाहावी. बहुतेक लहान मुले सकाळी, पोटभर झोप झाल्यावर प्रसन्न असतात. दुपारच्या झोपेच्या तोंडावर किंवा दिवसभर दमल्यावर संध्याकाळी नेलेले मूल खुर्ची दिसण्याआधीच रडकुंडीला आलेले असते. मुलाला हृदयाचा आजार, दमा, फिट्स येणे, रक्त लवकर न थांबणे किंवा कशाची अॅलर्जी असेल, तर ते फोनवरच सांगावे, कारण काही बाबतींत डॉक्टरांना आधी तयारी करावी लागते. सुरू असलेल्या औषधांची नावेही लिहून ठेवावीत. लहान मुलांची पुष्कळ पातळ औषधे साखरेने गोड केलेली असतात आणि ती रात्री झोपताना दिली जातात. दातांच्या दृष्टीने ही माहिती मोलाची असते.

घरचा सराव: दोन-तीन आठवडे, रोज दोन मिनिटे

तयारी म्हणजे मुलाला समोर बसवून समजावणे, असे आपण धरून चालतो. लहान मुलाला मात्र सांगितलेले फारसे कळत नाही, केलेले कळते. आडवे होणे, तोंड उघडे ठेवणे, दुसऱ्याच्या बोटांचा गालाला आतून स्पर्श होणे आणि डोळ्यांवर उजेड येणे, या चार गोष्टी अंगवळणी पडल्या की तपासणीतले बहुतेक नवेपण संपते. आणि या चारही गोष्टी रोजच्या दात घासण्यातच बसवता येतात.

सुरुवात आडवे होण्यापासून करावी. दवाखान्यातली खुर्ची मागे झुकू लागते, तेव्हा अनेक मुले त्या क्षणीच बिथरतात, कारण पाठीवर पडून वर अनोळखी चेहरा पाहणे त्यांना असहाय वाटते. यावर उपाय सोपा आहे. रोज रात्री दात घासताना मुलाला उभे न करता मांडीवर डोके ठेवून आडवे करावे. यात आपल्यालाही दाढांपर्यंत नीट दिसते, ही जमेची बाजू आहेच. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मूल कुरकुर करील. तेव्हा पुढचे चार दात घासून सोडून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी दोन दात वाढवावेत.

तीन वर्षांच्या आतील मुलांची तपासणी डॉक्टर बहुधा गुडघ्याला गुडघा लावून करतात. पालक आणि डॉक्टर समोरासमोर बसतात, दोघांचे गुडघे एकमेकांना टेकतात आणि मूल पालकाकडे तोंड करून, त्याच्या कमरेभोवती पाय टाकून मांडीवर बसते. मग पालक त्याला हळूच मागे निजवतो, तेव्हा त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर येते. मुलाला सारा वेळ आपल्या माणसाचा चेहरा दिसत राहतो आणि त्याचे हात पालकाच्या हातांत असतात. हीच रचना घरी दोन मोठ्या माणसांनी करून पाहावी. एकाने मांडीवर घ्यावे, दुसऱ्याने ब्रशने दात मोजावेत. आठवडाभरात चार-पाच वेळा हे झाले, की दवाखान्यात फक्त दुसरा माणूस बदललेला असतो.

दात मोजणे हा सरावाचा गाभा. ब्रशचे टोक एकेका दाताला लावत, मोठ्याने, संथपणे मोजावे: एक, दोन, तीन. मोजणी सुरू झाली की ती कुठेतरी संपणार, हे मुलाला उमगते, आणि संपणार हे ठाऊक असलेली गोष्ट सोसणे सोपे जाते. पहिल्या दिवशी पाचपर्यंत, मग दहापर्यंत, मग वरचे सगळे, असे वाढवत न्यावे. मधूनच छोट्या टॉर्चचा उजेड तोंडात पाडावा. डोळ्यांवर येऊ नये म्हणून मुलाला गॉगल घालायला दिला तर त्याला मजाही वाटते, आणि तोच गॉगल दवाखान्यात नेता येतो. तोंडात चमच्याचे टोक किंवा इतर कठीण वस्तू घालून ‘तपासणी’ करू नये. मूल हलले की इजा होते, आणि मग सगळा सराव पाण्यात जातो.

दोन वर्षांपुढच्या मुलांबरोबर अदलाबदलीचा खेळ खेळावा. आधी मुलाने डॉक्टर व्हावे, बाहुलीचे दात मोजावेत, आपल्याला आडवे पाडून आपले दात मोजावेत. आपण तोंड उघडून शांत पडून राहावे. विव्हळण्याचे, घाबरल्याचे नाटक चुकूनही करू नये. खेळातला तो विनोद मूल शब्दशः घेते. खेळताना मुलाने बाहुलीला सुई टोचली किंवा तिचा दात उपटला, तर त्याला कुठून तरी काही ऐकू आले आहे असे समजावे, आणि रागावण्यापेक्षा ‘या डॉक्टरांना काय करायचे होते, आठवते का? मोजायचे होते ना?’ असे म्हणत खेळ पुन्हा मोजण्यावर आणावा.

कोणते शब्द वापरावेत, कोणते टाळावेत

‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य सगळ्या पालकांच्या ओठांवर असते आणि तेच सर्वांत जास्त घोटाळा करते. दुखण्याचा विचारही ज्याच्या मनात नव्हता, त्या मुलाला त्यातून एकच शब्द ऐकू येतो: दुखणे. ‘घाबरू नकोस’, ‘रडायचे नाही हं’ यांचेही तेच. त्याऐवजी जे होणार आहे ते साध्या शब्दांत सांगावे: ‘आपण दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. त्यांच्याकडे वर-खाली होणारी खुर्ची आहे. ते छोट्या आरशाने तुझे दात बघतील आणि किती आहेत ते मोजतील.’ एवढे पुरे. सुई, ड्रिल, दात काढणे हे विषय आपण होऊन काढू नयेत.

मोठ्या मुलाने थेट विचारलेच की ‘दुखेल का?’, तर खोटे आश्वासन देऊ नये. ‘आज ते फक्त बघणार आणि मोजणार आहेत. तुला काही वेगळे वाटले तर हात वर कर, ते थांबतील,’ असे उत्तर प्रामाणिक आहे आणि मुलाच्या हाती काहीतरी देणारेही आहे. हात वर केल्यावर थांबण्याचा हा करार डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावा आणि घरच्या सरावातही काटेकोर पाळावा. मुलाने हात वर केला की ब्रश खरोखर बाहेर काढावा. एकदाही हा करार मोडला, तर त्या खुणेला अर्थ उरत नाही.

आणखी एक सवय घराबाहेर काढायला हवी. ‘ब्रश केला नाहीस तर डॉक्टर दात उपटतील’, ‘मस्ती केलीस तर सुई टोचायला नेईन’ अशा धमक्या आपण सहज देऊन टाकतो. ज्या माणसासमोर उद्या मुलाने विश्वासाने तोंड उघडावे अशी आपली इच्छा आहे, त्याचाच आज बागुलबुवा करणे हा मुलावर अन्याय आहे, आणि मला ही गोष्ट मनापासून खटकते. आजी-आजोबा, काका-मामा, मोठी भावंडे, सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवावे. मोठ्या भावंडाच्या दातांत काही केले असेल, तर त्याची रसभरीत हकिगत या दिवसांत तरी धाकट्यासमोर नको.

पालकाची स्वतःची भीती हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. मोठ्यांच्या मनातला दंतवैद्याचा धसका मुलांपर्यंत पोचतो, आणि तो शब्दांपेक्षा घट्ट धरलेल्या हातातून, बदललेल्या आवाजातून जास्त पोचतो. ज्या पालकाला स्वतःला त्या खुर्चीची धास्ती आहे, त्याने पहिल्या भेटीला बाहेर थांबावे आणि घरातल्या दुसऱ्या शांत माणसाला आत पाठवावे. यात कमीपणा काही नाही.

मुलाला केव्हा सांगावे, हे वयावर ठरते. वर्षाच्या बाळाला सांगण्यासारखे काही नसते. त्याची तयारी म्हणजे फक्त सराव. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी सांगितले तरी पुरते, कारण आठवडाभर आधी सांगितलेली गोष्ट त्याच्या मनात नुसतीच वाढत राहते. चार वर्षांपुढचे मूल प्रश्न विचारते, त्याला दोन-तीन दिवस द्यावेत.

भेटीचा दिवस

निघण्यापूर्वी साधारण तास-दीड तास आधी हलके खायला द्यावे आणि दात घासून न्यावेत. उपाशी मूल चिडते आणि अगदी भरल्या पोटी आडवे केलेल्या मुलाला उमासा येऊ शकतो. त्याचे आवडते खेळणे किंवा कुशीत घ्यायचे पांघरूण बरोबर असू द्यावे. ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोचावे. फार आधी पोचून ताटकळणे आणि उशिरा पोचून धावपळ करणे, दोन्ही वाईट. ‘नीट वागलास तर मोठे बक्षीस’ असे आधी कबूल करू नये, कारण हुशार मुलाला त्यावरून लगेच कळते की पुढे काहीतरी अवघड वाढून ठेवले आहे.

आत गेल्यावर पालकाचे काम गप्प राहण्याचे आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. डॉक्टर बोलत असताना आपणही ‘आ कर, आ कर’ म्हणत राहिलो, तर मूल दोन आवाजांत गोंधळते. अनुभवी दंतवैद्य बहुधा आधी सांगतात, मग वस्तू दाखवतात आणि मगच ती वापरतात. ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत १९५९ मध्ये दंतवैद्य अॅडल्स्टन यांनी मांडली आणि लहान मुलांच्या दवाखान्यांत ती आजही वापरली जाते. आरसा आधी मुलाच्या हातात येतो, वाऱ्याची फुंकर आधी त्याच्या तळहातावर पडते, आणि मग तोंडाकडे वळतात. हे सावकाश चाललेले काम वेळखाऊ वाटले तरी मध्ये घाई करू नये.

प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांचीच असते. डॉक्टर दात, हिरड्या, जीभ, टाळू आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते पाहतात. कधी हलकी सफाई करतात, कधी दातांवर फ्लोराइडचे वार्निश, म्हणजे कीड रोखणारा पातळ लेप, ब्रशने लावतात. ते दातांना काही तास थोडे चिकट लागते. त्यानंतर काय खायचे आणि दात केव्हा घासायचे, ते विचारून घ्यावे. एक्स-रे पहिल्या भेटीत लागतोच असे नाही.

मूल रडले तर? वर्ष-दीड वर्षाचे मूल बहुतेक वेळा रडतेच, आणि त्यात कुणाचे काही चुकलेले नसते. त्या वयात रडणे हीच बोलण्याची रीत आहे, आणि रडताना तोंड उघडे असल्याने तपासणी लवकरही उरकते. लगेच कुशीत घेतले की मूल सहसा पटकन शांत होते. चार वर्षांचे मूल तोंड घट्ट मिटून हटून बसले, तर मात्र गोष्ट वेगळी. दुखत काही नसेल, तर त्या दिवशी खुर्चीत बसणे, आरसा हातात घेणे, एवढेच करून परत यावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा जावे. जबरदस्तीने दाबून केलेल्या तपासणीत कळते थोडे आणि बिघडते फार. आवाज, उजेड किंवा स्पर्श सहन न होणाऱ्या मुलांसाठी, स्वमग्न मुलांसाठीही, अशा दोन-तीन छोट्या भेटी आधीपासूनच योजाव्यात. दवाखान्याचे, खुर्चीचे फोटो आधी मिळाले, तर ते घरी क्रमाने दाखवता येतात, आणि गर्दी नसलेली पहिली किंवा शेवटची वेळ मागून घेता येते.

डॉक्टरांना काय विचारून यावे

घाईत प्रश्न विसरतात, म्हणून लिहून न्यावेत. टूथपेस्ट किती घ्यायची हा पहिला. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर नव्हे. दुसरा प्रश्न वरच्या पुढच्या दातांचा. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांत कीड बहुधा तिथूनच सुरू होते. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांभोवती साचून राहते, आणि खालच्या दातांना जिभेचा आडोसा मिळतो तसा वरच्यांना मिळत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरट रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी असू शकते, आणि तेव्हाच काळजी घेतली तर ती तिथेच थांबवता येते. घरी महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून ही रेघ कशी पाहायची, ते डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. पुढची तपासणी केव्हा, हा तिसरा प्रश्न; बहुतेकांना सहा महिन्यांनी बोलावतात, किडीचा धोका जास्त असेल तर आधी.

एवढी सगळी तयारी ज्या प्रसंगी बाजूला ठेवायची, तेही सांगायला हवे. गालावर सूज, तापासह दातदुखी, हिरडीवर पुवाची पुळी, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा पडून दाताला लागलेला मार, यांपैकी काहीही असेल तर सरावाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पडल्यामुळे दुधाचा दात मुळासकट निघून आला, तर तो परत जागी बसवू नये, खालच्या कायमच्या दाताला त्याने इजा होऊ शकते. दात सोबत न्यावा.

परतल्यावर

‘शहाणा आहेस, रडला नाहीस’ असे म्हटले तर रडणे हा गुन्हा होता असे मुलाला वाटते, आणि पुढच्या वेळी रडू आले की त्याला आपण हरलो असे वाटेल. त्याऐवजी त्याने काय केले ते नेमके सांगावे: ‘तू तोंड किती मोठे उघडलेस, डॉक्टरांना मागच्या दाढासुद्धा दिसल्या.’ संध्याकाळी घरातल्या इतरांना ही हकिगत मुलालाच सांगू द्यावी आणि त्याने सांगितलेले दुरुस्त करू नये. तो कशाबद्दल बोलतो, काय वगळतो, खेळात बाहुलीला काय करतो, याकडे मात्र लक्ष ठेवावे. वाऱ्याची फुंकर आवडली नाही, खुर्ची फार झपकन मागे गेली, उजेड डोळ्यांत आला, असे जे काही लक्षात येईल, ते पुढच्या भेटीच्या तारखेशेजारी लिहून ठेवावे आणि त्या दिवशी तपासणी सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. रात्रीचे मांडीवर डोके ठेवून दात मोजणे तसेच चालू ठेवावे.